पंख्याच्या विमानानं आक्काला आणायला

"तू आधी त्यात बसून ये. मग मला सांग. आन् खरं सांग. गोड बोलून मला चढवलंस तर पुन्हा तुझं तोंड बघणार न्हाई."

माझी थोरली बहीण आक्का जळगावहून फोनवर असं म्हणाली आणि मी इकडं धायरीत "बरं" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय कबूल केलं. मी जन्मात विमानात बसले नव्हते. उंच पाळण्यात बसले की मला खालची माणसं दोन-दोन दिसतात.

पण इलाज नव्हता. आक्काच्या काळजातली एक झडप आकसलीय. चार पावलं टाकली की तिला दम लागतो आणि बोलताना वाक्य मध्येच तुटतं. पुण्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. "उशीर करू नका" एवढंच म्हणाले, पण ज्या तोंडानं म्हणाले ते तोंड मला आवडलं नाही. रात्रभराची रेल्वे किंवा बस तिला झेपणार नाही, विमानानं आणा, तासाभराचं काम आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आक्का ऑपरेशनला तयार होती. विमानाला तयार नव्हती.

आता तिची भीती कुठली ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीचे नखरे. आमचं माहेर वाघोली. आता तिथं कॉलेजं आणि बिल्डिंगा झाल्यात, तेव्हा नुसती शेतं होती आणि शेजारी लोहगावचं विमानतळ. आक्का परकरात असताना एकदा गवताची बैलगाडी घेऊन येत होती. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की बैल बुजले. गाडी बांध सोडून खड्ड्यात गेली आणि आक्काचा हात कोपरात मोडला. तो अजून सरळ होत नाही. विमान म्हटलं की ती तो हात पोटाशी धरते, फोनवर असली तरी. विलास, म्हणजे तिचा मुलगा, तोच सांगतो.

आमचे हे म्हणाले, "जा की. विमानाला काय, सवय असते घाबरट माणसांची."

बरोबर माझी नात सायली आली. हिंजवडीला कंपनीत आहे, तिनं सुट्टी टाकली. हा ब्लॉगही तिनंच काढून दिला. चौथी शिकलेली बाई मी, बोटानं टकटक करत लिहिते, काना-मात्रा ती बघते. माझ्या वयाच्या ज्या बायका "आपल्याला काय जमायचं" म्हणून घरी बसतात त्यांच्यासाठी लिहितेय. भीती कुठं कुठं वाटते ते नीट वाचा.

निघालो

हिवाळ्यातली सकाळ होती. धायरीहून लोहगावला जायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. सिंहगड रस्त्याला नवा पूल झालाय, त्याचा उपयोग एवढाच की पूर्वी खाली अडकायचो, आता वर अडकतो. घरातून दोन तास हाताशी धरून निघा. टॅक्सीवाला रिक्षापेक्षा महाग पडतो, पण बॅगा असल्या की परवडतो. तिकीट आम्हाला दोन-अडीच हजारांत पडलं, तुम्ही बघाल तेव्हा वेगळं असेल.

गाडीत मी सायलीला म्हणाले, "हे विमान कुठलं, कुणी केलं, किती वर्षं चालतंय, सगळं सांग. आक्का विचारणार."

सायलीनं आदल्या आठवड्यापासून तेच वाचलं होतं. मला तेव्हा वाटलं, पोरगी किती हुशार. नंतर कळलं, तीही घाबरलेली होती. मोठ्या विमानांतून ती चार वेळा गेलीय, पण पंख्याच्या विमानात तीही पहिल्यांदाच बसणार होती.

"आज्जी, हे टर्बोप्रॉप. म्हणजे इंजिन जेटसारखंच असतं, फक्त त्याच्या पुढं मोठा पंखा असतो. फ्रान्स आणि इटली, दोघं आपापलं लहान विमान करायच्या विचारात होते. एकट्याला खर्च झेपेना. मग म्हणाले, मिळून करू. धड इटलीत बनतं, पंख फ्रान्समध्ये, आणि जोडतातही फ्रान्समध्येच."

"म्हणजे दोघांचं भांडण झालं की विमान कुणाकडं?"

"आज्जी!"

"बरं, पुढं सांग."

तर पहिलं जे केलं ते आखूड होतं, चाळीस-पंचेचाळीस माणसांचं. ते चाललं म्हणून मग धडाला पुढं आणि मागं तुकडे घालून लांबवलं, सत्तरएक माणसं बसतील असं. आपण पोरीचा परकर आखूड झाला की पट्टी जोडतो तसंच की हे. पूर्वी पंख्याला चार पाती होती, आता सहा आहेत, आणि ती विळ्यासारखी वाकडी केलीत म्हणून आवाज कमी होतो. (कमी म्हणजे किती ते पुढं सांगते.) मध्यंतरी सगळ्यांना जेटचं वेड लागलं. पंख्याचं विमान म्हणजे जुनाट, असं लोक म्हणायला लागले आणि कारखान्याला गिऱ्हाईक मिळेना. मग इंधन महागलं. हे विमान कमी पितं, आखूड धावपट्टीवर उतरतं, मग पुन्हा सगळे त्याच्याकडं वळले. आपल्याकडं तर त्याच्याही आधी कानपूरला दुसरी पंख्याची विमानं जुळवायचे म्हणे. जळगावसारख्या ठिकाणी मोठं विमान आणलं तर निम्मं रिकामं जाईल. हे भरतं.

मला हे सगळं फार आवडलं. एखाद्या बाईची कहाणी ऐकावी तसं वाटलं. नावं ठेवली, टाकून दिली, आणि मग गरज पडल्यावर सगळे दारात उभे.

मग मी विचारलं, "आणि पडलंय का कधी?"

सायली खिडकीबाहेर बघायला लागली. "आज्जी, स्वारगेट आलं बघ."

"स्वारगेट मी लग्नाच्या आधीपासून बघतेय. पडलंय का?"

तिनं सांगितलं. फार वर्षांपूर्वी थंड मुलखात पंखांवर बर्फ धरला आणि विमान गेलं, सगळ्या माणसांसकट. मग शोधून काढलं की पंखाच्या कडेला जे काळं रबर असतं, फुगून बर्फ फोडणारं, ते पुरत नव्हतं. ते वाढवलं. असल्या हवेत कसं उडवायचं याचे नियम बदलले, वैमानिकांना वेगळं शिकवलं. दुसरीकडंही पडलीत, वेगवेगळ्या कारणांनी.

"हे आक्काआजीला सांगायचं नाही हं," सायली म्हणाली. "विलासकाका पण म्हणालेत. ती येणारच नाही मग."

बाहेर ऊन होतं तरी मी शाल गुंडाळून घेतली.

विमानतळ

सामान तपासणारी मुलगी माझी पिशवी दोनदा मशीनमधून घालून म्हणाली, "आजी, ह्यात काय लोखंडी आहे?"

अडकित्ता! पानाची चंची मी कुठंही नेते, सुपारी कातरायला अडकित्ता त्यातच. ती म्हणाली नेता येणार नाही. मी म्हटलं, "अगं, ह्यानं मला सुपारी फुटत नाही, विमान काय फुटणार?" ती हसली पण दिला नाही. माझ्या सासूबाईंचा होता तो. सायलीनं धावत जाऊन तो खाली द्यायच्या बॅगेत घालता येतो का विचारलं, तर बॅग गेली होती. शेवटी तिथल्या एका साहेबांनी परत आल्यावर मिळेल अशा ठिकाणी ठेवून दिला. तुम्ही आधीच मोठ्या बॅगेत घाला. आणि हातातली पिशवी लहान घ्या. ह्या विमानात डोक्यावरचे कप्पे अगदी फळीएवढे असतात.

ह्या विमानाला ते लांबलचक बोगदे नसतात. बसनं नेतात आणि मोकळ्या जागी सोडतात. समोर ते उभं. मला वाटलं त्यापेक्षा लहान. पंख डोक्यावर, पंखांना दोन पंखे. शेपटीकडं दार, आणि दार खाली उघडलं की तोच जिना. चार-पाच पायऱ्या फक्त. गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा, ही फार सोयीची गोष्ट आहे.

आणि शेपटीखाली एक काठी लावलेली! लोखंडी टेकू, बैलगाडीला लावतात तसा.

मी थांबलेच. "सायली, हे काय?"

पिवळा कोट घातलेला माणूस म्हणाला, "आजी, चढताना सगळे मागच्या दारात गर्दी करतात ना, मागं वजन पडतं. म्हणून आधार. निघताना काढतो."

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की पुढची दांडी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. त्याला आमच्यात गाडी उलाळ झाली म्हणतात. मग आमचे वडील, बापू, ओरडायचे, पुढं सरका! म्हणजे हे विमानही उलाळ होतं! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. जी गोष्ट जमिनीवर उभी राहायला काठी मागते, ती वर काय करेल?

आत माझी खिडकी उजवीकडं होती. इंजिन माझ्या समोरच, आणि असं ओरडत होतं की दाताची कवळी थरथरली. आणि पंखा? पंखा गपचूप उभा. एक पातं हलेना.

मी ओरडले, "अहो! पंखा फिरत नाहीये! इंजिन चालू आहे आणि पंखा बंद आहे!"

सगळ्या माना वळल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागं न बघता म्हणाले, "आजी, फिरवतील. आत्तापासून फिरवला तर आपण सगळे यायच्या आधीच विमान जायचं."

पुण्याचेच ते.

हवाईसुंदरी आली, जळगावचीच मुलगी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की ह्या विमानाची ही पद्धतच आहे. पंख्याला ब्रेक लावून एक इंजिन नुसतं चालू ठेवतात, आतले दिवे आणि हवा त्यावर चालतात. निघताना ब्रेक सोडतात. तिनं बोट दाखवलं आणि खरंच, थोड्या वेळानं पातं हललं, मग दुसरं, मग पाती दिसेनाशी झाली.

धावायला लागलं तेव्हा मी डोळे मिटले. सायलीचा हात धरला. तो बर्फासारखा गार. तेव्हा मला कळलं ही पोर किती घाबरलीय. मग मी तिला धीर द्यायला लागले आणि त्या नादात विमान उडालेलं मला कळलंच नाही.

वर गेल्यावर थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. मी म्हटलं, संपलं. बंद पडलं. सायलीनं पुटपुटत सांगितलं, "चढून झालं की पंख्यांचा वेग कमी करतात, मी वाचलंय." तिचे ओठ पांढरे होते. लेकींनो, हे आधी माहीत असावं म्हणून लिहिते: आवाज बसतो. बसू द्या.

मग डोळे उघडले. पंख वर असल्यामुळं खाली सगळं उघडं दिसतं. हे विमान फार उंचावरून जात नाही. शेततळी, उसाचे तुकडे, उजवीकडं लांब एक मोठं पाणी, ते पैठणचं असेल. एका शेतात ट्रॅक्टर चालला होता, त्याच्यामागं पांढरे ठिपके, म्हणजे बगळे. बगळे वरून बघितलेत कधी? मी सत्तरी ओलांडली, बगळे कायम माझ्या डोक्यावर असायचे. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले, आणि त्याच क्षणी विमान ढगात शिरलं आणि खड्ड्यातून गाडी जावी तसं आदळलं. पुन्हा डोळे मिटले. अजिंठ्याचे डोंगर मी बघितलेच नाहीत.

जळगाव

विलास न्यायला आला होता. गाडीतच म्हणाला, "मावशी, फक्त चांगलं चांगलं सांग. तारीख हुकली तर पुढं काय ते डॉक्टर सांगत नाहीत."

घरी आक्का दाराशी खुर्ची टाकून बसली होती. किती वाळलीय! मी आले म्हणून तिनं भरीत करवून घेतलं होतं. इथलं हिरवं-पांढरं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, वरून कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हिवाळ्यात जळगावला गेलात आणि भरीत न खाता आलात तर कुणाला सांगू नका. आक्कानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"हं. सांग आता."

विलास दाराशी, सायली माझ्या शेजारी. दोघं माझ्याकडं डोळे लावून. मी आक्काकडं बघितलं. तिनं तो वाकडा हात पोटाशी धरला होता.

मी सगळं सांगितलं. आवाज सांगितला, कवळी सांगितली, पंखा उभा होता ते, आवाज बसला ते, ढगातले दणके. दोन देशांनी मिळून केलं, लांबवलं, टाकून दिलं, पुन्हा उचललं. बगळे सांगितले. टेकू सांगितला. आक्का मध्येच म्हणाली, "टेकू? विमानाला?" आणि पहिल्यांदा थोडी हसली.

मग तिनं विचारलंच. "पडलं हाय का कधी?"

विलास "मावशी" म्हणून खाकरला.

"पडलंय," मी म्हणाले. "बर्फानं. माणसं गेली. मग त्यांनी पंखाचं रबर वाढवलं, नियम बदलले. दुसरीकडंही पडलंय. आपल्या इथं तसला बर्फ नसतो, पण पडणारच नाही असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटली, आक्का. सगळ्या वाटेनं वाटली. उद्या परत वाटणार आहे."

विलास उठून बाहेर गेला. सायली माझ्याकडं बघेना. घरात नुसता आक्काचा श्वास ऐकू येत होता, तुटक तुटक. मला वाटलं, झालं. माझ्या खरं बोलण्यानं माझी बहीण जाणार.

मग आक्का बोलली. "हा विलास म्हनतो, काय न्हाई होत. इथली डॉक्टरीन म्हनते, काय न्हाई होत. ज्याला काय होत न्हाई... त्याला ऑपरेशन कशाला करतेत गं?" दम खाल्ला. "तू तरी पडलं म्हनून सांगितलंस. येते. पन माझा हात सोडायचा न्हाई."

"नाही सोडणार."

"उतरंपर्यंत."

"उतरंपर्यंत."

परत

दुसऱ्या दिवशी पुण्यात धुकं होतं म्हणून विमान उशिरा आलं. हिवाळ्यात हे ठरलेलंच, बरोबर खायला ठेवा. आक्काला चाकाची खुर्ची मिळाली, ती तिकीट काढतानाच सांगून ठेवायची. डॉक्टरांची चिठ्ठीही लागते. जळगावचं विमानतळ लहान आहे, चालायला फारसं लागत नाही, आणि तिथल्या माणसांना घाई नाही.

पायऱ्या चढताना आक्का दोनदा थांबली. दाराजवळच्या मागच्याच जागा घेतल्या होत्या. आक्का खिडकीशी, मी शेजारी, पलीकडं सायली आणि एक जाडजूड गृहस्थ. मी आक्काचा वाकडा हात माझ्या मांडीवर घेतला. तिचा श्वास जलद चालला होता आणि मी मनात मोजत होते, हा आला, हा गेला. ही वर गेल्यावर घाबरून हिचं काळीज थांबलं तर? मीच आणली हिला. विलासला काय सांगू?

पंखा फिरायच्या आधी हवाईसुंदरी आली. "माफ करा, आज प्रवासी कमी आहेत आणि बरेचसे मागे आहेत. वजन सारखं करायला इथून दोघांनी अगदी पुढच्या रांगेत यायचंय. काका, तुम्ही. आणि आजी, तुम्ही याल का?"

"मी नाही येणार," मी म्हणाले. "माझी बहीण आजारी आहे. दुसऱ्या कुणाला तरी न्या."

तिनं मागं-पुढं बघितलं. आमच्या पुढं एक बाई होती, मांडीवर तान्हं. तिच्या पुढं एक आजोबा झोपलेले. सायली उठायला लागली. हवाईसुंदरी म्हणाली, "ह्यांच्याजवळ कुणीतरी तरणं माणूस असलेलं बरं."

आक्कानं माझी बाही ओढली. "काय म्हनतीय ती?"

"मागं वजन जास्त झालंय म्हणते. दोघांनी पुढं बसा म्हणते."

"म्हंजी उलाळ झालंय?"

"हो. तसंच काहीतरी."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं जसं लहानपणी बघायची, मी चिंचा एकटीनं खाल्ल्यावर. "मग बसलीस काय? ऊठ की! बापू म्हनायचे सरका, तवा वाद घालायचीस का?"

"अगं, तुझा हात..."

"हाताचं काय घेऊन बसलीस? मीच गेले असते. पन माझ्यात ऱ्हायलंय काय? मी पुढं जाऊन त्याला काय कळनार?" दम खाल्ला. "तू जा. तू चांगली जड हायेस."

पलीकडचे जाडजूड गृहस्थ उठता उठता म्हणाले, "चला आजी, आपल्या दोघांवर विमान अवलंबून आहे."

आणि तिनं माझा हात सोडला. मी नाही, तिनं.

मी अगदी पुढं, ती अगदी मागं, मध्ये सगळ्या खुर्च्या. पट्टा बांधलेला, मान वळवली तर नुसती डोकी दिसायची. जाताना सायलीचा हात होता. आता दोन्ही हात माझ्याच मांडीवर, आणि त्यांचं काय करायचं ते कळेना. विमान उठलं, आवाज बसला, ढग आले आणि दणके सुरू झाले. पट्टा सोडू नका म्हणून वरून आवाज आला. आणि तेवढ्यात मागं घंटी वाजली. टिंग. कुणीतरी हवाईसुंदरीला बोलावलं होतं.

ती माझ्या शेजारून मागं गेली. धरत धरत, पण भराभर.

मी म्हटलं, आक्काच. दुसरं कुणी असणारच नाही. मी पट्ट्याला हात घातला. गृहस्थ म्हणाले, "आजी, बसा. तुम्ही उठलात तर आपटाल, आणि मग त्यांना दोघींकडं बघावं लागेल." आता चेष्टा नव्हती त्यांच्या आवाजात. त्यांनी आपला हात पुढं केला. परक्या पुरुषाचा हात मी आयुष्यात धरला नव्हता. धरला. आमच्या ह्यांनी हे वाचलं तर वाचू दे.

मी देवाचं नाव घेत होते, पण देवाचं नाव घेता घेता त्या लांबच्या देशातलं रबर आठवत होतं, आणि जोडलेले तुकडे, आणि वाटत होतं की जोड सुटणार तो माझ्या आणि आक्काच्या मध्येच सुटणार.

उतरलो. चाकं टेकली तेव्हा मी अजून मागचीच घंटी ऐकत होते.

आता ऐका, ह्या विमानात दार मागं, म्हणजे पुढचे लोक सगळ्यांत शेवटी उतरतात. कधी नाही ते मला घाई होती आणि कधी नाही ते सगळे निवांत पिशव्या काढत होते. मागं पोचले तर आक्काची जागा रिकामी. सायलीही नाही. हवाईसुंदरी म्हणाली, "आजी, सावकाश. त्या खाली आहेत."

"घंटी कुणी वाजवली होती?"

"त्या बाळाच्या आईनं. दूध सांडलं होतं."

मी पायऱ्या उतरले. आक्का चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल, सायली शेजारी. आणि आक्का शेपटीपाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोलत होती. टेकू लावून झाला होता, पण हिचं समाधान नव्हतं.

"नीट बसलाय का बघ बाबा. हलतोय मला वाटतं."

"नाही हो आजी, रोज लावतो."

"रोज लावतो म्हनूनच म्हनते. रोजच्या कामात मानूस इसरतो."

मला बघितलं आणि म्हणाली, "आलीस? घाबरलीस का गं?"

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. ही पोरगी माझा हात धरून रडत हुती." सायलीनं डोळे पुसले आणि दुसरीकडं बघितलं. "हिला गप करता करता... आलं पुनं."

घरी

अडकित्ता परत मिळाला. विचारावं लागतं, आपणहून देत नाहीत.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. ते जेवढे तास चाललं तेवढे तास मी बाकावर बसून होते आणि तिथं मला कळलं की विमानातली भीती काहीच नव्हती. विमानात निदान खिडकी असते.

तुम्ही विचाराल, भीती गेली का? नाही. पुन्हा बसेन का? बसेन, आक्काला सोडायला जावंच लागेल. पुन्हा घाबरेन. फक्त आता मला माहीत आहे की कुठं घाबरायचं. उडताना, आवाज बसताना, ढगात, आणि घंटी वाजल्यावर. बाकीच्या वेळात बगळे बघायचे. ज्यांनी ते विमान बनवलं तेही घाबरले असतील, म्हणून तर रबर वाढवलं. न घाबरणाऱ्यानं वाढवलं नसतं, असं मला आपलं वाटतं. चौथी शिकलेल्या बाईचं मत, घ्या नाहीतर सोडा.

आक्का सध्या आमच्याकडंच आहे. जेवण झालं की पलीकडच्या खोलीत आडवी होते. आता तिचं वाक्य तुटत नाही, त्यामुळं मला दुप्पट ऐकून घ्यावं लागतं. आणि दुपारी ती घोरते. पूर्वी कधी घोरत नव्हती, तेवढा दम कुठं होता? आता एका लयीत, भिंत हलेल असं. आमचे हे पेपर आपटून म्हणतात, "तुमच्या त्या विमानाला निदान ब्रेक होता. हिचं दार तरी लोटा."

मी दार लोटत नाही. भाजी निवडायला मुद्दाम त्याच खोलीत बसते, तिच्या पायापाशी, आणि भेंडीचं एक-एक देठ हळू मोडते. आवाज नको म्हणून.